पिकअपचे नाक उचलावे की सारी गाडीच?

वाशीम : सोयाबीनची मळणी आटोपू लागली की वाशीम जिल्ह्यातील बाजार समित्यांसमोर पिकअप गाड्यांच्या रांगा लागतात. कारंजा, मंगरुळपीर, रिसोड, मालेगाव, मानोरा आणि खुद्द वाशीम, सर्वत्र चित्र सारखेच. या रांगेकडे जरा बाजूने पाहिले तर एक गोष्ट चटकन लक्षात येते. माल उतरवून रिकाम्या परतणाऱ्या गाड्यांचा मागचा भाग उंच आणि नाक खाली असते. भरून आलेल्या गाड्यांचे नेमके उलट झालेले असते. त्यांचा मागचा भाग बसलेला असतो, फाळका रस्त्याकडे झुकलेला असतो आणि पुढचे दिवे समोरच्या झाडांच्या शेंड्यांवर प्रकाश टाकत असतात.

गाडीची ही बदलती ठेवण नजरेला खटकते आणि तिथूनच गॅरेजची वाट सुरू होते. पूर्वी हा विषय पाट्यात एखादा पाटा वाढविण्यापुरता होता. आता समाजमाध्यमांवरील चित्रफितींमुळे ‘लेव्हलिंग किट’ आणि ‘लिफ्ट किट’ हे दोन शब्द अकोला-वाशीमच्या गॅरेजपर्यंत येऊन पोहोचले आहेत. इसुझूची व्ही-क्रॉस २०१६ मध्ये आणि टोयोटाची हायलक्स २०२२ मध्ये भारतात आल्यापासून पिकअप ही केवळ ओझे वाहणारी गाडी राहिलेली नाही. शहरात ती हौसेनेही घेतली जाते. परिणामी हौशी मालक आणि रोजच्या भाड्यावर पोट असलेला मालक, दोघेही एकच प्रश्न विचारू लागले आहेत. दोघांचे उत्तर मात्र एक असू शकत नाही. पैकी दुसऱ्याच्या बाबतीत तर चुकीच्या उत्तराची किंमत त्याच्याबरोबरच रात्री समोरून येणाऱ्या दुचाकीस्वारालाही मोजावी लागते.

नाक खाली का असते?

रिकामी पिकअप सपाट जमिनीवर उभी केली तर तिचा मागचा भाग पुढच्यापेक्षा साधारण दोन-अडीच इंच उंच दिसतो. पुष्कळांना हा कारखान्यातला दोष वाटतो. वास्तविक ती मुद्दाम राखून ठेवलेली जागा आहे. पिकअपमध्ये इंजिन आणि चालक पुढे असतात आणि त्यांचे वजन कमी-अधिक कायम असते. मागच्या एक्सलवर मात्र कधी शून्य तर कधी दीड टन ओझे येते. अर्थात मागचे पाटे भार घेऊन खाली बसणारच. ते बसल्यावर गाडी सपाट व्हावी, या हिशेबाने रिकाम्या गाडीचा मागचा भाग उंच ठेवलेला असतो. थोडक्यात, रिकामी गाडी वाकडी दिसते तेव्हा ती भरल्यावर सरळ होण्याची तयारी करून उभी असते.

लेव्हलिंग किट आणि लिफ्ट यांतील फरक या एका गोष्टीवरून समजतो. लेव्हलिंग किट फक्त पुढचा भाग उचलते, साधारण एक ते तीन इंच. पुढे गुंडाळी स्प्रिंग असेल तर तिच्या माथ्यावर धातूची वा कठीण प्लास्टिकची चकती बसविली जाते. टॉर्शन बार असेल तर त्याचा बोल्ट आवळला जातो. पाटे असतील तर लांब शॅकल किंवा जादा पाटा घातला जातो. मागच्या भागाला हात लावला जात नाही. गाडी रिकामी असताना सपाट दिसू लागते आणि मालक खूश होतो. काम अर्ध्या दिवसाचे, खर्चही तुलनेने थोडा.

लिफ्टमध्ये पुढचा व मागचा दोन्ही भाग उचलले जातात. दोन इंचांपासून सहा इंचांपर्यंतची किट जगभर विकली जातात. चांगल्या लिफ्टमध्ये केवळ ठोकळे नसतात. नवे शॉकॲब्सॉर्बर, लांब ब्रेक पाइप, पुढच्या भागातील बदललेले आर्म, मागे नवा पाट्यांचा संच असा सारा लवाजमा असतो आणि खर्च लेव्हलिंगच्या कित्येक पटींनी वाढतो. स्वस्तातली लिफ्ट म्हणजे एक्सल आणि पाटे यांच्यामध्ये घातलेला लोखंडी ठोकळा आणि लांब यू-बोल्ट. तिसरा एक प्रकार चेसिस आणि केबिन यांच्यामध्ये ठोकळे घालण्याचा आहे. त्यात पाट्यांना धक्का लागत नाही, पण केबिन उंच होते एवढाच त्याचा लाभ.

आता भाड्याच्या पिकअपला लेव्हलिंग किट बसविले तर काय होते, हे पाहू. पुढचा भाग दोन इंच उचलला. रिकामी गाडी सपाट झाली. मग तिच्यात नियमाइतकाच माल भरला. मागचे पाटे पूर्वीइतकेच बसले. पूर्वी गाडी सपाट झाली असती, आता ती मागे झुकली. म्हणजे ज्या आजारावर औषध म्हणून किट घेतले, तोच आजार किटने आणला. बाजार समितीच्या रांगेत उभ्या असलेल्या गाड्यांसाठी लेव्हलिंग किट हा पर्यायच नाही, असे म्हणायला हरकत नाही. एरवी रिकामी फिरणाऱ्या, मागे फार तर दोन सायकली आणि तंबूचे सामान टाकणाऱ्या हौशी मालकासाठी तो विचारात घेण्याजोगा आहे. तोही पुढच्या अलाइनमेंटची आणि दिव्यांची फेरजुळणी करून घेतली तरच.

अमेरिकेत हौस, इथे ओझे

अमेरिकेत काही वर्षांपूर्वी पिकअपचे नाक मुद्दाम उंच आणि मागचा भाग खाली करण्याची लाट आली होती. ‘कॅरोलिना स्क्वॉट’ या नावाने ती ओळखली गेली. चालकाला पुढचा रस्ता नीट दिसेना, दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जाऊ लागला, तेव्हा नॉर्थ कॅरोलिना राज्याने कायदा करून डिसेंबर २०२१ पासून या ठेवणीवर बंदी घातली. पुढच्या मडगार्डची उंची मागच्यापेक्षा चार इंच वा अधिक असेल तर ती गाडी रस्त्यावर आणता येत नाही. पुढे व्हर्जिनिया आणि साउथ कॅरोलिना या राज्यांनीही तसेच कायदे केले.

गंमत म्हणावी की दुर्दैव, तिकडे जी ठेवण पैसे मोजून आणली जात होती आणि जी धोकादायक म्हणून बंद करावी लागली, ती आपल्याकडे ओझ्याने आपोआप येते. दीड टन क्षमतेच्या पिकअपमध्ये ६० किलोचे सोयाबीनचे २५ कट्टे भरले की क्षमता संपली. चालक आणि त्याचा सहकारी यांचे वजन धरले तर त्याआधीच संपली. तिथे ४० कट्टे भरले की ९०० किलो जादा झाले. त्यातही कट्टे हौद्याच्या शेवटापर्यंत, फाळका उघडा ठेवून रचलेले असतील तर परिणाम आणखी वाढतो. मागच्या चाकांच्या पलीकडे ठेवलेले ओझे तराजूसारखे वागते. दोन्ही एक्सलमधील अंतर तीन मीटर असलेल्या गाडीत मागच्या एक्सलच्या एक मीटर मागे २०० किलो ठेवले, तर मागच्या एक्सलवर २०० ऐवजी सुमारे २६७ किलो भार येतो आणि पुढच्या एक्सलवरचा सुमारे ६७ किलो भार उचलला जातो. स्टिअरिंग हलके लागते ते यामुळेच. चालकाला ते सुखाचे वाटते. प्रत्यक्षात पुढच्या चाकांची रस्त्यावरची पकड कमी झालेली असते. आणि गाडी वळते ती पुढच्या चाकांवर, ब्रेकचा मोठा वाटाही पुढचीच चाके उचलतात.

दिव्यांचा हिशेबही करून पाहण्यासारखा आहे. डिपर दिव्याचा झोत साधारणतः एक टक्का खाली झुकलेला असावा लागतो. म्हणजे ५० मीटरवर तो दिव्याच्या उंचीपेक्षा अर्धा मीटर खाली यायला हवा. तीन मीटर अंतराच्या गाडीचा मागचा भाग तीन इंच बसला की झोत अडीच टक्के वर सरकतो. एक टक्का खाली असलेला झोत दीड टक्का वर जातो. दिवा जमिनीपासून ९० सेंटिमीटरवर असेल तर ५० मीटरवर त्याची धार जमिनीपासून १६५ सेंटिमीटर उंचीवर पोहोचते. समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराचे डोळे त्याहून खालीच असतात. चालकाने प्रामाणिकपणे डिपर दिलेला असतो, तरी समोरच्याला तो दिलेला वाटत नाही. केवळ दोन इंचांच्या लेव्हलिंग किटनेही झोत सुमारे पावणेदोन टक्के उचलला जातो, म्हणजे रिकाम्या गाडीतही तो क्षितिजरेषेच्या वर जातो. खेड्यातून रात्री परतणाऱ्या माणसाला रस्त्याच्या कडेची बैलगाडी किंवा पायी चालणारे दिसेनासे होण्यास एवढे पुरेसे आहे.

लिफ्टने चिखल जिंकता येतो काय?

लिफ्टच्या बाजूने नेहमी दिले जाणारे कारण म्हणजे खराब रस्ता. वाशीम जिल्ह्यात ते पटण्यासारखे वाटते. नीती आयोगाच्या २०१८ च्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातून नंदुरबार, गडचिरोली, उस्मानाबाद यांच्यासह वाशीमचे नाव आले होते. त्यानंतर चित्र काहीसे बदलले. अकोला-वाशीम-हिंगोली-नांदेड हा राष्ट्रीय महामार्ग रुंद झाला. समृद्धी महामार्ग मालेगाव, मंगरुळपीर आणि कारंजा तालुक्यांतून गेला आणि त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला. पण शेतातला माल महामार्गापर्यंत येतो तो पाणंद रस्त्यांवरूनच. परतीचा पाऊस लांबला की काळ्या मातीची पाणंद चाकाला सोडत नाही. अशा वेळी उंच गाडी बरी, असे कोणालाही वाटेल.

येथे गाडीच्या पोटाखाली वाकून पाहायला हवे. मागचा एक्सल अखंड असलेल्या पिकअपमध्ये सर्वांत खाली लोंबणारी वस्तू म्हणजे एक्सलच्या मध्यभागी असलेला डिफरन्शियलचा गोळा. तो चाकांनाच जोडलेला असतो. पाटे आणि एक्सल यांच्यामध्ये चार इंचांचा ठोकळा घातला तर चेसिस, केबिन, हौदा सारे चार इंच वर जाते. गोळा मात्र होता तिथेच राहतो. चाकोरीच्या मधला मातीचा उंचवटा घासतो तो त्यालाच. गोळा वर न्यायचा तर टायर मोठे हवेत, आणि टायरचा व्यास दोन इंच वाढविला तर गोळा एकच इंच वर जातो. शिवाय मोठ्या टायरमुळे इंजिनची ओढ कमी पडते. व्यास पाच टक्के वाढला तर वेगमापक ६० दाखवील तेव्हा गाडी ६३ च्या वेगाने धावत असेल. मडगार्डला टायर घासू नये म्हणून मग पुन्हा लिफ्ट, असे ते चक्र सुरू राहते.

चिखलातून बाहेर काढते ती टायरची पकड आणि त्यावर पडणारा भार. उंचीचा त्यात वाटा थोडा. फक्त मागच्या चाकांवर चालणारी पिकअप चार इंच उंच केली तरी ती चारही चाकांवर चालू लागत नाही. ओढ्याच्या दगडांतून, डोंगरवाटांतून हौसेने गाडी नेणाऱ्यांना लिफ्टचा उपयोग होतो, कारण पुढचा बंपर आणि पायरी आपटण्याचे टळते आणि चाकांना वरखाली हलण्यास जागा मिळते. सोयाबीनच्या कट्ट्यांना यातले काहीच लागत नाही. उलट हमालाला प्रत्येक कट्टा चार इंच जास्त उचलावा लागतो, ही बाब चित्रफितीत कोणी सांगत नाही.

वळणावरचा हिशेब

लिफ्टचा खरा दर वळणावर कळतो. गाडी उलटण्याची शक्यता ढोबळमानाने दोन गोष्टींवर ठरते. एक म्हणजे डाव्या-उजव्या चाकांमधील अंतर आणि दुसरी म्हणजे गुरुत्वमध्याची उंची. चाकांमधले अंतर १.४ मीटर आणि गुरुत्वमध्य ८० सेंटिमीटरवर असलेली एक गाडी उदाहरणादाखल घेऊ. निम्मे अंतर भागिले उंची केले तर ०.८७५ हा आकडा येतो. हा आकडा जितका मोठा तितकी गाडी स्थिर. गुरुत्वमध्य १० सेंटिमीटरने, म्हणजे चार इंचांनी वर गेला की तोच आकडा ०.७७८ होतो. एक नवमांश स्थिरता चार इंचांत गेली. लिफ्ट न करता कट्ट्यांचे दोन थर जास्त रचले तरी परिणाम त्याच दिशेने होतो. लिफ्ट करून थरही वाढविले तर दोन्हींची बेरीज. आणि हंगामात कट्ट्यांवर मजूर बसलेले असतात, हे वेगळे सांगायला नको. मालवाहू गाडीत असे प्रवासी नेणे बेकायदा आहे, तरीही ते दिसते. पातूर ते मेडशी हा डोंगराळ टप्पा रात्री उतरणाऱ्या चालकाने हा आकडा ध्यानात ठेवावा.

पण याहूनही कमी लोकांना ठाऊक असलेली गोष्ट ब्रेकची आहे. अनेक पिकअपमध्ये मागच्या एक्सलपाशी एक छोटा व्हॉल्व्ह असतो. त्याचा एक दांडा एक्सलला जोडलेला असतो. ओझे वाढले की चेसिस खाली येतो, दांडा हलतो आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. गाडी रिकामी असली की चेसिस वर असतो आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकचा दाब कमी ठेवतो, जेणेकरून मागची चाके जाम होऊन गाडी आडवी फिरू नये. म्हणजे गाडीत किती माल आहे हे त्या व्हॉल्व्हला चेसिस आणि एक्सल यांतील अंतरावरूनच समजते. आता मागे ठोकळा घालून किंवा दोन जादा पाटे घालून ते अंतर कायमचे वाढविले, तर गाडी भरलेली असूनही व्हॉल्व्हला ती रिकामीच वाटते. तो मागच्या ब्रेकला पुरेसा दाब देत नाही. भरलेली गाडी थांबविण्याचे काम मुख्यतः पुढच्या चाकांवर पडते, ज्यांच्यावरचा भार आधीच थोडा उचललेला असतो. व्हॉल्व्हचा दांडा नव्या उंचीला जुळवून घेता येतो, पण तो उत्पादकाच्या मापाप्रमाणेच जुळवावा लागतो. पाटे वाढविताना गॅरेजमध्ये ‘या व्हॉल्व्हचे काय करणार’ एवढे विचारले आणि उत्तर मिळाले नाही, तर गाडी परत आणलेली बरी.

पाट्यांबद्दलही एक गैरसमज आहे. सारख्या जाडीचे पाच पाटे असतील आणि सहावा घातला तर संचाचा ताठरपणा सुमारे वीस टक्क्यांनी वाढतो. त्यामुळे मागचा भाग कमी बसतो, हे खरे. परंतु सहावा पाटा घातल्याने चेसिसची ताकद, चाकाचे बेअरिंग, एक्सलची नळी, टायरची वहनक्षमता किंवा ब्रेकचे लायनर यांपैकी काहीही वाढत नाही. पूर्वी बसलेला मागचा भाग ‘जास्त झाले’ असे सांगत होता. आता तो सांगेनासा होतो, एवढेच घडते. जादा ताठर पाट्यांमुळे रिकामी गाडी खड्ड्यात आपटते आणि तो हादरा चेसिसच्या खिळ्यांना सोसावा लागतो. ठोकळ्यामुळे प्रॉपेलर शाफ्टचा कोन बदलतो आणि क्रॉस लवकर वाजू लागतो. पुढच्या एक्सलवर पाट्याखाली ठोकळा घालणे तर टाळलेच पाहिजे, कारण वळण आणि ब्रेक यांचा सारा जोर त्या ठोकळ्यावर येतो आणि तो सरकला तर स्टिअरिंग हाती राहत नाही.

कायदा काय सांगतो?

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला आणि एमएच ३७ ही नोंदणी सुरू झाली. इथल्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात पिकअप योग्यता प्रमाणपत्रासाठी जाते तेव्हा तिची मूळ ठेवण तपासली जाणे अपेक्षित असते. मालवाहू वाहनाला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी हे प्रमाणपत्र घ्यावे लागते.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरविलेल्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल मालकाला मनाप्रमाणे करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात हेच स्पष्ट केले आणि केरळ उच्च न्यायालयाचा निर्णय रद्द ठरविला. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने कलम १८२ अ मध्ये शिक्षेची तरतूद आली. परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलास पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. जादा मालासाठी कलम १९४ नुसार २० हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे आणखी दोन हजार रुपये दंड आहे, शिवाय जादा माल तिथेच उतरवून घेण्याचा अधिकार. एका खेपेच्या भाड्याशी या रकमेची तुलना मालकाने स्वतःच करावी.

याचा अर्थ असा, की बाजारात मिळते ते प्रत्येक किट रस्त्यावर चालेलच असे नाही. किट विकणारा बसवून देतो; परवानगीची जबाबदारी मालकाची राहते. अपघात झाला आणि गाडीत नोंदणीबाहेरचा बदल आढळला तर विम्याचा दावाही अडचणीत येऊ शकतो. हौशी मालकांनी उत्पादकाच्या अधिकृत ॲक्सेसरीजमध्ये काय आहे ते आधी पाहावे आणि लेखी घ्यावे.

मग करायचे काय?

भाड्याच्या गाडीच्या मालकाने किटच्या दुकानाआधी काट्यावर जावे. नोंदणी पुस्तकात रिकाम्या गाडीचे वजन आणि मालासह कमाल वजन असे दोन आकडे असतात. त्यांतील फरक हीच क्षमता. गाडी एकदा रिकामी आणि एकदा नेहमीच्या मालासह काट्यावर न्यावी. शक्य असेल तर दोन्ही वेळी फक्त पुढची चाके काट्यावर ठेवून वेगळे वजन करावे. माल भरल्यावर पुढच्या चाकांवरचे वजन रिकाम्या गाडीपेक्षा कमी झालेले दिसले, तर माल फार मागे रचला जात आहे. हा उपाय फुकटातला आहे. जड कट्टे केबिनला टेकवून आणि मागच्या चाकांच्या पुढे रचायचे, फाळक्यापाशी हलके ठेवायचे.

त्याचबरोबर पेट्रोल पंपाच्या सपाट काँक्रीटवर गाडी उभी करून चारही चाकांच्या मध्यबिंदूपासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर टेपने मोजून लिहून ठेवावे, रिकाम्या गाडीचे आणि भरलेल्या गाडीचेही. नियमाइतक्या मालातही मागचा भाग पुढच्यापेक्षा खाली जात असेल, किंवा रिकामी गाडी एका बाजूला झुकलेली असेल, तर पाटे थकले आहेत किंवा एखादा तुटला आहे. अशा वेळी त्याच मापाचा नवा संच, नवे बुश, नवे यू-बोल्ट हा सरळ मार्ग आहे. जुने पाटे ठोकून त्यांना पुन्हा बाक देणारे कारागीर आपल्याकडे आहेत आणि त्यांच्या हाताला कसबही आहे. पण थंड ठोकलेला पाटा फार काळ बाक धरत नाही, हे तेही नाकारत नाहीत.

आणि काट्याने दर खेपेला क्षमतेहून जास्त आकडा दाखविला, तर मोठ्या क्षमतेची गाडी घेणे किंवा दोन खेपा करणे, एवढेच खरे पर्याय उरतात. दोन टनांपर्यंत माल नेणाऱ्या पिकअप बाजारात आहेत. टाटाची योद्धा २.० ही २०२२ मध्ये त्याच गटात आली. तिचे पाटे, ब्रेक आणि टायर त्या वजनासाठी घडविलेले आहेत. दीड टनाच्या गाडीला दोन पाटे वाढवून दोन टनांची केल्याचे समाधान तात्पुरते असते.

हौशी मालकाचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. गाडी बहुतेक वेळ रिकामी, रस्ता डांबरी, आणि फक्त ठेवण खटकते, तर पुढे एक-दीड इंचाच्या लेव्हलिंगपलीकडे जाऊ नये. तेही परवानगी मिळत असेल तर. मात्र एक खबरदारी हवी. गुंडाळी स्प्रिंगच्या माथ्यावरची चकती जितकी जाड, त्याच्या जवळपास दुप्पट गाडी वर जाते, कारण स्प्रिंग खालच्या आर्मच्या मध्यावर टेकलेली असते आणि चाक आर्मच्या टोकाला. एक इंचाची चकती आणून एक इंचाची अपेक्षा ठेवणाऱ्यांची फसगत होते. जंगलवाटांवर नियमित जाणाऱ्याने दोन इंचांची पूर्ण, म्हणजे शॉकॲब्सॉर्बर आणि पाट्यांसह येणारी लिफ्ट निवडावी, ठोकळ्यांची नको. चार-सहा इंचांची लिफ्ट रोजच्या वापरातील गाडीला कशासाठी हवी, याचे पटणारे कारण सापडणे कठीण आहे.

यांपैकी काहीही केले, किंवा काहीच केले नाही, तरी दिवे तपासणे कोणालाही जमण्यासारखे आहे. सायंकाळी गाडी सपाट जागेवर, भिंतीपासून १० मीटर अंतरावर उभी करावी. जमिनीपासून दिव्याच्या मध्यापर्यंतची उंची मोजून भिंतीवर खडूने खूण करावी आणि तिच्याखाली १० सेंटिमीटरवर दुसरी रेघ ओढावी. डिपर दिल्यावर झोताची वरची धार या दुसऱ्या रेघेवर यायला हवी. पुष्कळ गाड्यांत डॅशबोर्डवर दिवे खाली-वर करण्याची चकती असते. भरलेल्या गाडीत ती फिरवायची असते, हे अनेक चालकांना कोणी सांगितलेलेच नसते. तशी चकती नसेल तर दिव्यामागचा स्क्रू फिरवून धार रेघेवर आणावी, आणि ही तपासणी रिकाम्या गाडीने न करता बाजार समितीकडे निघण्याआधी, माल भरल्यावरच करावी.